नव्या बाथरूमचं सांडपाणी: कुठे किती इंची पाईप टाकायचा आणि का

मागच्या उन्हाळ्यात नागपुरात मानेवाड्यातल्या एका दुमजली घरी गेले होते. वरच्या बाथरूममध्ये फ्लश केला की शेजारच्या जाळीतून गुडगुड आवाज यायचा आणि दोन मिनिटांत नाक धरायची वेळ यायची. बाथरूम जेमतेम दीड वर्षाचं होतं. टाइल्स चांगल्या, नळ चांगले, काम दिसायला अगदी नेटकं. काकू म्हणाल्या, "पाहुणे यायचे असले की मी आधी उदबत्ती लावून ठेवते." शेवटी कमोडजवळच्या चार टाइल्स उचलल्या आणि कोबा फोडला. कमोडपासून निघालेला ११० मिमीचा पाईप दीड फूट चालून ७५ च्या रिड्यूसरमध्ये घुसला होता. पुढे बीम आडवा आला होता, त्यावरून मोठा पाईप बसेना, म्हणून कुणीतरी तो तिथेच बारीक करून टाकला होता. रिड्यूसरच्या तोंडाशी ओल्या वाइप्सचा बोळा घट्ट अडकलेला होता.

घरांच्या बांधकामावर देखरेख करायचं माझं काम. अशी फोडाफोड मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता टाइल्सचा रंग ठरायच्या आधी पाईपचं बोलणं करून घेते. टाइल आवडली नाही तर बदलता येते, पण खालचा पाईप चुकला तर सगळं बाथरूम उचकटावं लागतं. सांडपाण्याचा पाईप सवयीने किंवा दुकानात जे शिल्लक असेल त्यावरून ठरवायचा नसतो. त्यातून काय वाहणार आहे, त्याला ढाळ किती मिळतो आहे आणि पाण्यामागून हवा येते आहे का, हे पाहून तो ठरतो.

आधी दुकानातली भाषा समजून घ्या

इतवारीत किंवा गांधीबागेत हार्डवेअरच्या दुकानात गेलात की "अडीच इंची" आणि "चार इंची" हे दोनच शब्द जास्त ऐकू येतील. अडीच इंची म्हणजे ७५ मिमी आणि चार इंची म्हणजे ११० मिमी. याशिवाय ४०, ५०, ६३, ९० आणि १६० मिमीचे पाईपही असतात. नव्वदला तीन इंची म्हणतात आणि एकशेसाठला सहा इंची.

हे सगळे आकडे पाईपच्या बाहेरच्या व्यासाचे आहेत. पाणी वाहतं आतून, आणि गोंधळ नेमका इथेच होतो. ११० चा जाड पाईप घेतला तर आत साधारण १०३ मिमी जागा मिळते. ७५ च्या पाईपमध्ये ६८ आणि ५० च्या पाईपमध्ये ४४ च्या आसपास. पाईपच्या क्षमतेचे तक्ते मात्र आतल्या मापावर बेतलेले असतात. त्यामुळे तक्त्यातला "७५" हा दुकानातला ७५ नव्हे. दुकानातला ७५ तक्त्यात ६५ च्या ओळीत वाचायचा, आणि दुकानातला ५० हा ४० च्या ओळीत. एवढं ध्यानात ठेवलं तर निम्म्या चुका टळतात.

घरातल्या सांडपाण्यासाठी राखाडी रंगाचा एसडब्ल्यूआर (सॉइल, वेस्ट, रेन म्हणजे मैला, सांडपाणी आणि पावसाचं पाणी) पाईप वापरतात. त्यावर आयएसआयचा शिक्का, आयएस १३५९२ हा आकडा आणि टाइप ए की टाइप बी हे छापलेलं असतं. टाइप ए पातळ असतो. ११० मध्ये त्याची भिंत साधारण सव्वादोन मिमीपासून सुरू होते, आणि तो पावसाच्या पाण्यासाठी व हवेच्या पाईपसाठी आहे. मैल्यासाठी आणि न्हाणीच्या पाण्यासाठी टाइप बी घ्यायचा, त्याची भिंत किमान ३.२ मिमी असते. दुकानदार दोन्ही पाईप शेजारी ठेवतो आणि भाव वेगळा सांगतो. स्वस्त पडला तर आनंद करण्याआधी पाईपवरची अक्षरं वाचा. शेतीचा पाईप तर बाथरूममध्ये आणूच नका. त्याचे फिटिंग दाबाच्या पाण्यासाठी घडवलेले असतात, सांडपाण्याला लागणारी गोलाईची वळणं त्यांना नसतात.

मोजमापाची सुरुवात रस्त्याकडून

बाथरूमचा नकाशा हातात आला की सगळे आतून बाहेर मोजत जातात. मी उलट करते. पाणी शेवटी जिथे पडणार आहे, ती पातळी आधी मोजते: रस्त्यावरची गडर लाईन (सांडपाण्याची सार्वजनिक लाईन) असेल तर तिच्या चेंबरचा तळ, नाही तर सेप्टिक टँकचं इनलेट.

नागपुरात याला आणखी एक कारण आहे. कित्येक वस्त्यांमध्ये सिमेंटचे रस्ते झाले आणि रस्ता प्लॉटच्या वर आला. जुनं घर पाडून नवं बांधताना जुन्या जोत्याची उंची धरून चाललात तर बाहेर न्यायला ढाळच उरत नाही. हिशेब सोपा आहे. बाथरूमपासून रस्त्यापर्यंत ४० फूट अंतर असेल आणि ११० चा पाईप एकास चाळीसच्या ढाळाने न्यायचा असेल, तर शेवटच्या टोकाला तो एक फूट खाली गेलेला असतो. तेवढी उंची हातात आहे का, हे जोतं भरण्याआधी पाणसळ लावून किंवा पारदर्शक नळीत पाणी भरून बघा. उंची नसेल तर जोतं वर घ्या. नंतर यावर दुसरा उपाय नाही.

बेसा, हुडकेश्वरकडच्या ज्या लेआऊटमध्ये अजून गडर लाईन पोचलेली नाही, तिथे सेप्टिक टँक होणार हे धरूनच चालायचं. आणि पुढे लाईन आली तर ती कोणत्या बाजूने येईल, हे आत्ताच विचारून ठेवा.

कुणाला किती लागतो

आपल्याकडे राष्ट्रीय बांधकाम संहितेत प्रत्येक वस्तूला एक वजन दिलेलं आहे, त्याला फिक्स्चर युनिट म्हणतात. टाकीवाला कमोड ४, वॉश बेसिन १, शॉवर २, जमिनीवरचा ट्रॅप (जाळीखालचं भांडं, त्यात पाणी उभं राहून वास अडतो) १, स्वयंपाकघरातलं सिंक २. प्रत्येक पाईप किती युनिट झेलू शकतो, तेही ठरलेलं आहे. आडव्या फाट्यासाठी आतून ४० मिमीचा पाईप ३ युनिट घेतो, ५० चा ६, ६५ चा १२, ७५ चा २० आणि १०० चा १६०.

आता हे आकडे बाथरूमवर बसवून बघू.

कमोडला ११०. इथे युनिटचा हिशेब करायचाच नाही. चार युनिट म्हणजे तक्त्यात ५० चा पाईपही पुरेसा दिसतो, पण कमोडमधून घट्ट वस्तू जातात आणि त्यांना वळणावर फिरायला जागा लागते. कमोडच्या तोंडापासून गडर लाईनपर्यंत कुठेही ११० पेक्षा बारीक काही येता कामा नये. देशी सीट असेल तरी हेच.

बेसिनला एकच युनिट. खालचा बॉटल ट्रॅप ३२ मिमीचा असतो, म्हणून मिस्त्री तिथून ३२ किंवा ४० चाच पाईप भिंतीत घालतो. हिशेबाने तो चालतो, पण मी ५० टाकायला लावते. बेसिनमध्ये पाणी थोडं आणि चिकट गोष्टी जास्त: दाढीचा फेस, पेस्ट, केस, तेल लावलेल्या हातांचा साबण. भिंतीत गाडलेला बारीक पाईप पाच वर्षांत आतून आणखी बारीक होतो. बोअरचं जड पाणी असेल तर क्षारांचा थर त्यात भर घालतो. ४० आणि ५० च्या किमतीतला फरक एका चहापाण्याइतकाही नसतो.

न्हाण्याच्या जागेवर मात्र थोडं थांबते, कारण परदेशी तक्त्यांत न मावणारी एक गोष्ट आपल्या घरात रोज होते. आपण बादलीने आंघोळ करतो. शॉवरमधून मिनिटाला दहा-बारा लिटर पाणी येत असेल, तर ते सावकाश येतं. पण आंघोळ झाल्यावर उरलेली अर्धी बादली कुणी एकदम ओततं, किंवा कपडे खळबळून झाले की वीस लिटरचं टब उपडं करतं, तेव्हा तेच पाणी पाच-सहा सेकंदांत जाळीवर येतं. शॉवर २, ट्रॅप १ आणि बेसिन त्याच ट्रॅपला जोडलं तर आणखी १, म्हणजे चार युनिट झाले. दुकानातल्या ५० च्या पाईपची मर्यादा तीन. तो इथेच बाद होतो. ६३ कागदावर पुरतो, पण त्याचे फिटिंग सहज मिळत नाहीत. म्हणून न्हाणी ट्रॅपपासून पुढे ७५. वॉशिंग मशीनही बाथरूममध्येच राहणार असेल तर तिचे २-३ युनिट धरून सात होतात, तरीही ७५ च्या बारा युनिटांच्या आतच राहतात. मशीनसाठी उभा पाईप वेगळा घ्या आणि तो ५० पेक्षा बारीक नको, कारण मशीनचा पंप पाणी जोराने फेकतो आणि बारीक पाईप वरून ओसंडतो.

ट्रॅपचं नाव आपल्याकडे न्हाणी ट्रॅप असंच रुळलं आहे, आणि त्याची निवडही न्हाणी कशी वापरली जाते यावरूनच करायला हवी. आत किमान ५० मिमी पाणी उभं राहील असा खोल ट्रॅप घ्या. दुकानात चपटे ट्रॅप दाखवतात, संकन (बाथरूमखाली स्लॅब खोल घेऊन पाईपसाठी ठेवलेली जागा) कमी असलं तरी ते बसतात. त्यात पाणी बोटभरही राहत नाही, आणि ते सुकलं की दुर्गंधीला मोकळं दार मिळतं. शक्य असेल तर बाजूला तोंडं असलेला मल्टी ट्रॅप घेऊन बेसिनचं पाणी त्यात सोडा, तेही ट्रॅपमधल्या पाण्याच्या पातळीच्या वर. आपला मे महिना इतका कोरडा असतो की न वापरलेल्या बाथरूमचा ट्रॅप पाहता पाहता सुकतो. बेसिन जोडलेलं असलं की हात धुतला तरी ट्रॅप भरलेला राहतो.

मोठा पाईप म्हणजे चांगला पाईप असं नाही

"ताई, सहा इंचीच टाकून देऊ नं, मंग कधी चोकच नाही होणार." हे वाक्य मला दर साईटवर ऐकावं लागतं. बोलणारा मनापासून बोलत असतो, आणि घरमालकालाही ते पटतं, कारण मोठं म्हणजे मोकळं असं आपल्याला वाटतं.

पण आताचे कमोड बघा. मोठं बटण दाबलं तर सहा लिटर पाणी, लहान दाबलं तर तीन. जुन्या टाक्या दहा-बारा लिटर सोडायच्या. आताचं सहा लिटर पाणी ११० च्या पाईपमध्ये आलं की त्याला खोली मिळते आणि ते घाण उचलून पुढे नेतं. तेच १६० च्या पाईपमध्ये पसरलं की पातळ चादरीसारखं तळाशी वाहून जातं. पाणी पुढे निघून जातं, घाण मागे बसते, दुसऱ्या दिवशी तिच्यावर आणखी थर चढतो. १६० ची आतली जागा ११० च्या दुपटीहून जास्त असते, आणि घरातल्या एका कमोडचं पाणी ती भरू शकत नाही. एका बाथरूमसाठी ११० हाच योग्य पाईप. १६० लागतो तो अंगणात, जिथे दोन-तीन बाथरूम आणि स्वयंपाकघर एकत्र येऊन पुढे जातात.

दुसरा नियम याहून कडक आहे. पाणी ज्या दिशेने जातं त्या दिशेने पाईप कधीही बारीक होता कामा नये. ५० मधून ७५ मध्ये, ७५ मधून ११० मध्ये जा, पण परत फिरू नका. बीम आडवा आला तर मार्ग बदला, नाही तर कमोडच पलीकडच्या भिंतीला न्या. मानेवाड्याच्या घरात शेवटी आम्ही तेच केलं.

ढाळ, सुताने मोजलेला

चार इंची पाईपला एकास चाळीस आणि सहा इंचीला एकास साठ, हे जुनं सूत्र अजूनही उत्तम चालतं. इंचाला दहाने गुणा, तेवढ्या अंतरात एक एकक उतार. मिस्त्रीला गुणोत्तर सांगण्यापेक्षा सुताची भाषा सांगा. इंचाचे आठ सूत धरले तर एकास चाळीस म्हणजे फुटाला जवळपास अडीच सूत, आणि दहा फुटांत तीन इंच. सहा इंची पाईपला फुटाला दीड सुताहून किंचित जास्त. ७५ लाही मी फुटाला अडीच सूतच धरते, त्याहून कमी नाही.

ढाळ कमी पडला की घाण बसते, हे सगळ्यांना कळतं. फार जास्त झाला तरी त्रास होतो: पाणी धावत सुटतं आणि जड वस्तू मागे राहतात. दहा फुटांत आठ इंच असा उतार मी एका ठिकाणी पाहिला आहे, आणि तिथे दर तीन महिन्यांनी पाईपमध्ये सळई घालावी लागत होती. एखाद्या ठिकाणी खोली जास्तच उतरायची असेल तर पाईप नेहमीच्या ढाळाने न्या आणि शेवटी चेंबरमध्ये उभा उतरवा.

जमिनीच्या टाइल्सचा ढाळ वेगळा. तिथे फुटाला सव्वा सूत पुरे होतो, नाहीतर बादली तिरपी उभी राहते आणि म्हातारी माणसं घसरतात.

संकनची खोली किती

ही गोष्ट स्लॅब पडण्याआधी ठरवायची आहे. एक उदाहरण घेऊ. बाथरूम आठ फूट बाय पाच फूट, उभे पाईप लांबच्या बाहेरच्या भिंतीवर, कमोड तिथून तीन फुटांवर. तळाच्या वॉटरप्रूफिंगला दीड इंच. तीन फुटांचा ढाळ जवळपास एक इंच. ११० चा पाईप कॉलरसकट (जोडाच्या फुगीर तोंडासकट) पाच इंच. वर मसाला आणि टाइल अडीच इंच. दहा इंच इथेच गेले. म्हणजे आठ इंची संकनमध्ये कमोडचा पाईप बसणारच नाही, आणि कुणीतरी ढाळ कमी करेल, नाहीतर पाईप बारीक करेल. बारा इंच सांगा. देशी सीटचा ट्रॅप खोल असतो, तिला याहून जास्त लागतं, म्हणून तर जुन्या घरांत सीटला एक पायरी असायची.

कमोड बाहेरच्या भिंतीला जितका जवळ, तितकं सगळं सोपं. बेसिन दाराशी आणि कमोड पाईपाशी, असा क्रम लावा. भिंतीला टांगलेला पी ट्रॅपचा कमोड असेल तर पाईप थेट भिंतीतून बाहेर जातो आणि संकनवरचा भार कमी होतो. जमिनीवरच्या एस ट्रॅपच्या (तोंड खाली जमिनीत जाणाऱ्या) कमोडला भिंतीपासूनचं अंतर मॉडेलप्रमाणे बदलतं, नऊ इंच आणि बारा इंच ही दोन मापं जास्त दिसतात. म्हणून कमोड आधी निवडा, त्याचा नकाशा हातात घ्या आणि मगच पाईपचं तोंड ठरवा. अंतर भिंतीच्या विटेपासून नव्हे, टाइल लागल्यानंतरच्या पृष्ठभागापासून मोजायचं. या एका इंच-दीड इंचाने कितीतरी कमोड तिरपे बसलेले मी पाहिले आहेत.

हवेचा रस्ता

मानेवाड्याच्या घरातली गुडगुड कशाची होती? पाण्याचा लोट पाईप भरून खाली जातो तेव्हा तो पिचकारीच्या दट्ट्यासारखा वागतो. पुढची हवा ढकलतो आणि मागून हवा ओढतो. मागून हवा यायला मोकळी वाट नसेल तर ती जवळच्या ट्रॅपमधलं पाणी फोडून येते. तीच गुडगुड. दोन-चारदा असं झालं की ट्रॅप रिकामा होतो आणि वास घरात शिरतो.

म्हणून उभा पाईप शेवटच्या बाथरूमपाशी संपवायचा नाही. तो त्याच मापाने, ११० असेल तर ११० नेच, गच्चीच्या वर न्यायचा आणि त्यावर जाळीची टोपी बसवायची. वापरातल्या गच्चीवर तो किमान दोन मीटर उंच असावा. आपल्याकडे हे आणखी मनावर घ्यायला हवं. उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया-पापड वाळतात, रात्री माणसं झोपतात. तोंडाच्या उंचीवर मैल्याच्या पाईपची हवा सोडणं बरं नाही. पाईप दिसायला वाईट दिसतो म्हणून स्लॅबला कापून वर सिमेंटने बुजवलेला मी पाहिला आहे. दिसण्यासाठी हवा बंद करू नका. पाईप कोपऱ्यात न्या, रंगवा, पण उघडा ठेवा.

मैल्याचा पाईप आणि न्हाणीचा पाईप वेगवेगळे उतरवायची पद्धत मला स्वतंत्र घरांसाठी पसंत आहे. कमोडचा ११० थेट चेंबरमध्ये जातो. न्हाणीचा ७५ खाली गली ट्रॅपमध्ये (घराबाहेर जमिनीत बसवलेल्या ट्रॅपमध्ये) पडतो आणि तिथून चेंबरला मिळतो. घर तीन मजली असेल किंवा कपडे धुण्याची जागा त्याच पाईपवर असेल तर न्हाणीचा उभा पाईपही ११० घ्या. पावसाचं पाणी या दोन्हींत सोडू नका. गच्चीवरच्या एका जोरदार सरीचं पाणी या पाईपांच्या आवाक्याबाहेरचं असतं.

तळमजल्याचं बाथरूम वरच्या मजल्याच्या उभ्या पाईपला कधीही जोडू नका, त्याची वेगळी लाईन चेंबरपर्यंत न्या. खाली तुंबलं की वरचं पाणी आधी तळमजल्यावरच बाहेर पडतं.

जोडताना

आडव्या पाईपला सरळ टी नको, वाय आणि ४५ अंशांचं बेंड घ्या, म्हणजे येणारं पाणी वाहत्या पाण्याला समोरून न धडकता तिरपं मिसळतं. उभा पाईप खाली आडवा होतो तिथे एका नव्वदच्या बेंडऐवजी ४५ ची दोन. आणि त्या वळणाशी झाकण उघडता येईल असं डोअर फिटिंग ठेवा. झाकणाचं तोंड हात पोचेल तिकडे असू द्या, भिंतीकडे नको.

कॉलरचं तोंड पाणी येतं त्या बाजूला. उलट लावलं तर प्रत्येक जोडावर एक पायरी तयार होते आणि केस तिथे अडकतात.

बाहेरच्या उभ्या पाईपला रबर रिंगचे जोड घ्या. नागपुरात जानेवारीची पहाट आठ-दहा अंशांची आणि मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे, त्यात पश्चिमेच्या भिंतीवर ऊन खात असलेला राखाडी पाईप हवेपेक्षाही तापतो. पन्नास अंशांच्या फरकाने दहा फुटी पाईप जवळपास एक सेंटिमीटर वाढतो. म्हणून पाईप रिंगमध्ये पूर्ण आत ढकला, पेन्सिलने खूण करा आणि दहा मिमी परत बाहेर ओढा. पाईपचं टोक कानशीने तिरपं घासून घ्या, नाहीतर रिंग दुमडते. घालताना साबणाचं पाणी लावा, तेल किंवा ग्रीस नको, त्याने रबर खराब होतं. संकनच्या आत गाडल्या जाणाऱ्या जोडांना मात्र सोल्युशन (पाईप चिकटवायचं द्रावण), आणि ते सुकेपर्यंत धीर धरा.

अंगणातून पुढे

मातीत एसडब्ल्यूआर गाडू नका. जमिनीखालच्या सांडपाण्यासाठी आयएस १५३२८ चे विटकरी रंगाचे पाईप वेगळे मिळतात, ते वरचा भार सहन करायलाच बनवलेले असतात.

काळ्या मातीचा प्लॉट असेल तर इथे खर्च वाचवू नका. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगा पडून आक्रसते. पाईप थेट तिच्यावर टाकला तर दोन-तीन वर्षांत कुठे वर येतो, कुठे खचतो, आणि सुताने मोजलेला ढाळ मोडतो. खड्डा जास्त खोल घ्या, काळी माती काढा, खाली मुरूम ठोकून बसवा, त्यावर वाळूची गादी करा, पाईपच्या दोन्ही बाजूंनाही वाळू भरा. दगड किंवा विटांचे तुकडे पाईपवर पडू देऊ नका. जिथे लाईन वळते आणि जिथे दोन लाईनी मिळतात, तिथे चेंबर हवंच. एक बाथरूम आणि एक सिंक एवढंच असेल तर बाहेरही ११० पुरतो. त्याहून जास्त असेल तर एकत्र झाल्यावर १६०. रस्त्यावरच्या लाईनला जोडण्याआधी महानगरपालिकेची परवानगी काढून ठेवा.

सखल भागात घर असेल तर आणखी एक वस्तू. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, ते कुणी विसरलेलं नाही. रस्त्यावरची लाईन अशी भरते तेव्हा पाणी उलट चालत घरातल्या सगळ्यात खालच्या जाळीतून वर येतं. शेवटच्या चेंबरमध्ये नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवला तर ते तिथेच अडतं. तो अशा जागी हवा की पावसाळ्याआधी उघडून साफ करता येईल.

कोबा भरण्याआधी

पाईप बसले, ढाळ तपासला, आता मिस्त्रीला घाई असते, पण कोबा भरू देऊ नका. खालचं तोंड रबरी बुचाने बंद करा आणि पाईप ट्रॅपच्या काठापर्यंत पाण्याने भरा. पातळीवर खूण करा आणि रात्रभर सोडा. सकाळी पाणी उतरलेलं दिसलं तर जोड शोधा. मग संकनमध्येही पाणी कोंडून दोन दिवस ठेवा आणि खालच्या छताकडे बघत राहा.

कमोड बसल्यावर बादलीभर पाण्यात हळद कालवून फ्लशबरोबर सोडा आणि कुणालातरी चेंबरपाशी उभं करा. पिवळं पाणी एका लोटात आलं पाहिजे. ते थांबत थांबत आलं तर मध्ये कुठेतरी पाईप बसलेला आहे. त्याच वेळी दुसऱ्याने न्हाणी ट्रॅपची जाळी काढून आत टॉर्च मारावा. फ्लश होताना तिथलं पाणी जरासं हललं तर चालेल. ते खाली ओढलं जाऊन परत भरलं नाही, तर गच्चीवर जाऊन हवेचा पाईप मोकळा आहे का ते बघा.

आणि कोबा भरण्यापूर्वी, पाईप उघडे असतानाच टेप ठेवून फोटो काढा, दोन भिंतींपासूनचं प्रत्येक पाईपचं अंतर दिसेल असे. मानेवाड्याच्या काकूंकडे तसा एक फोटो असता तर आम्हाला चार नव्हे, एकच टाइल उचलावी लागली असती. आता त्यांच्या नव्या पाईपांचे सहा फोटो घराच्या कागदपत्रांच्या फायलीत छापून ठेवले आहेत, आणि त्यांच्या पाठीमागे मिस्त्रीच्या हातची मापं लिहिलेली आहेत.